नवीन गाडी घेताना भाव कसा करायचा: आधी कोटेशन नीट वाचा

शोरूममध्ये पाऊल टाकलं की आपल्याकडे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे "डिस्काउंट किती देणार?" आणि घोडं तिथेच पेंड खातं. कारण डिस्काउंट ही कोटेशनवरची फक्त एक ओळ असते, आणि त्या एका ओळीत दिलेले पैसे बाकीच्या चार ओळींमधून परत काढून घेणं डीलरला अजिबात अवघड नसतं. गाडीवर डीलरला मिळणारं मार्जिन तसं फार मोठं नसतं, विशेषतः छोट्या गाड्यांवर, त्याची खरी कमाई असते इन्शुरन्सच्या कमिशनमध्ये, लोन करून दिल्याच्या पेआउटमध्ये, ॲक्सेसरीजमध्ये आणि तुमच्या जुन्या गाडीत. म्हणून घासाघीस करायची ती शेवटच्या ऑन-रोड (म्हणजे टॅक्स, इन्शुरन्ससकट सगळं धरून) आकड्याची, आणि ती करायच्या आधी तो आकडा कसा तयार होतो हे आपल्याला डीलरइतकंच माहिती पाहिजे. त्याला एक संध्याकाळ पुरते, आणि त्यातून वाचणारी रक्कम कित्येकांच्या महिन्याच्या पगाराएवढी असते, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

आधी घरी बसून काय करायचं ते सांगतो. गाडी आणि व्हेरियंट पक्कं करा, कारण "बघू, आवडलं तर टॉप मॉडेल घेऊ" असं म्हणत गेलात की भावाचं बोलणं होतच नाही, सगळं बोलणं सनरूफवर जातं. मग कंपनीच्या वेबसाइटवर महाराष्ट्रातली एक्स-शोरूम (आरटीओ टॅक्स आणि इन्शुरन्स सोडून नुसत्या गाडीची) किंमत बघा, त्यात जीएसटी धरलेलाच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदललेत हे लक्षात असू द्या, चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के आणि त्यापेक्षा मोठ्यांना ४० टक्के, वरचा सेस गेला. त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी किती दिले, यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत किती सांगितलेत, हे आकडे आता कामाचे नाहीत. ज्या दिवशी कोटेशन घ्याल त्याच दिवशीची किंमत वेबसाइटवर बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पुढचं आरटीओ टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के आणि त्याच्या वर १३ टक्के, डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. सीएनजीचा दर पेट्रोलपेक्षा कमी आहे, २०२५ मध्ये तो एक टक्क्याने वाढला तरीही. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर मात्र टॅक्स सरळ २० टक्के लागतो, तेव्हा "धंद्याच्या नावावर घेऊ, खर्चात दाखवू" असा विचार असेल तर आधी सीएला विचारा.

इथे एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. १० लाखांची रेषा ओलांडली की एकदम दोन गोष्टी बदलतात, टॅक्स ११ चा १२ टक्के होतो (आणि तो पूर्ण किमतीवर, फक्त वरच्या भागावर नाही) आणि शिवाय १ टक्का टीसीएस (डीलरने आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा इन्कम टॅक्स) लागतो. म्हणजे पेट्रोल गाडीचं एक व्हेरियंट ९ लाख ९५ हजाराला असेल आणि वरचं १० लाख ५ हजाराला, तर किमतीत फरक दिसतो दहा हजारांचा, पण टॅक्स १,०९,४५० वरून १,२०,६०० होतो आणि वर १०,०५० टीसीएस. दहा हजारांचं व्हेरियंट खिशाला एकतीस हजारांना पडलं. टीसीएस इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता करून घेता येतो किंवा रिफंड मिळतो हे खरं, पण आज तर खिशातूनच द्यावा लागतो.

आता कोटेशन. एक्झिक्युटिव्हला सांगायचं की मला सगळ्या ओळी वेगवेगळ्या लिहिलेलं कोटेशन द्या, शोरूमच्या लेटरहेडवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर पीडीएफ. "सर, टोटल एवढं बसतंय" असं तोंडी ऐकून घेऊ नका. उदाहरण म्हणून साधारण असा कागद समोर येतो असं समजा, लोनवर घेतलेली पेट्रोल गाडी:

एक्स-शोरूम ९,४०,०००
आरटीओ १,१६,०००
इन्शुरन्स ५२,०००
हँडलिंग चार्जेस ७,५००
बेसिक ॲक्सेसरीज किट २४,०००
एक्स्टेंडेड वॉरंटी १८,०००
कोटिंग ९,०००
फास्टॅग ६००

बेरीज ११,६७,१००. त्यातून "स्पेशल तुमच्यासाठी" २५,००० डिस्काउंट, म्हणजे ११,४२,१००. आपण घरी येऊन सांगतो, पंचवीस हजार कमी केले.

आता हाच कागद एकेक ओळ धरून बघू. ९,४०,००० चे ११ टक्के होतात १,०३,४००. त्यावर रोड सेफ्टी सेस, ६०० रुपये रजिस्ट्रेशन फी, २०० स्मार्ट कार्ड, लोन असेल तर हायपोथिकेशनची (गाडी बँकेकडे तारण असल्याची) नोंद १,५००, सगळं धरलं तरी १,०८,००० च्या आसपास आकडा थांबतो. मग कागदावरचे वरचे आठ हजार कशाचे? विचारलं की "एजंटचे, आरटीओचा खर्च असतो ना" असं उत्तर येतं. शांतपणे एवढंच म्हणायचं की आरटीओची ऑनलाइन पावती जेवढ्याची येईल तेवढे मी देणार, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. नंबर प्लेटचे वेगळे लावले असतील तर तेही काढायला सांगा, १ एप्रिल २०१९ नंतरच्या नवीन गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट कंपनीकडूनच येते. चॉइस नंबर हवा असेल तर त्याची फी अर्थात वेगळी, पण ती पण सरकारी पावतीनेच.

इन्शुरन्सला सगळ्यात जास्त वेळ द्या कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकलेले असतात. नवीन कारला सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) सक्तीचा आहे आणि त्याचा प्रीमियम सरकारने ठरवलेला असतो, तो सगळीकडे सारखाच. खरा खेळ असतो तो ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑनमध्ये (वरून घ्यायची जादा कव्हर), तिथे प्रत्येक कंपनीचा रेट वेगळा आणि सूटही वेगळी. तेच मॉडेल, तेच आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत), तेच ॲड-ऑन टाकून दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं ऑनलाइन काढा, "नवीन गाडी" हा पर्याय निवडून. तुलना करताना आयडीव्ही सारखंच आहे ना ते बघा, कारण आयडीव्ही कमी दाखवून प्रीमियम स्वस्त करणं सोपं असतं आणि उद्या गाडी चोरीला गेली की त्याचा फटका आपल्यालाच बसतो. ॲड-ऑनमध्ये झिरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सची घसारा कपात न करणारं कव्हर) नवीन गाडीला घ्याच, मुंबई-ठाण्यात किंवा कोल्हापूर-सांगलीकडे पाणी भरणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्टपण घ्या, बाकीचं की-प्रोटेक्ट, सामानाचं कव्हर वगैरे गरज नसेल तर काढून टाका.

डीलर म्हणेल की बाहेरून इन्शुरन्स घेतला तर क्लेमला त्रास होईल. कॅशलेस मिळणार की नाही हे त्या इन्शुरन्स कंपनीचं त्या वर्कशॉपशी टायअप आहे का यावर ठरतं, पॉलिसी कुणाकडून काढली यावर नाही, तेवढं विचारून घ्या आणि पुढे चला. इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यायचा अशी सक्ती डीलर करू शकत नाही. पण माझं म्हणणं असं की बाहेरून घेण्याचा हट्ट पण धरू नका, बाहेरचं कोटेशन समोर ठेवा आणि विचारा की या भावात तुम्ही देता का. बऱ्याच वेळा देतात, निदान जवळपास तरी येतात, कारण कमिशन पूर्ण जाण्यापेक्षा थोडं मिळालेलं त्यांनाही परवडतं. आणि जुनी गाडी विकून नवीन घेत असाल तर जुन्या पॉलिसीचा नो क्लेम बोनस (एनसीबी) विसरू नका, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट, जुन्या इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं आणि नवीन पॉलिसीला लावायचं. हे डीलर स्वतःहून क्वचितच सांगतो.

हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स, डेपो चार्जेस, नाव काहीही असो, ही ओळ सरळ काढायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. "सगळेच देतात सर" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका, "याची जीएसटीची पावती कोणत्या सेवेसाठी द्याल ते लिहून द्या" म्हणा, बहुतेकदा तिथेच ओळ कट होते. ॲक्सेसरीज किट आणि कोटिंग यांची सक्ती नसते. मॅट, सीट कव्हर, मड फ्लॅप हे सगळं बाहेर अर्ध्या भावात मिळतं, फक्त वायरिंगला हात लावणारं काही बाहेरून बसवू नका, त्याने वॉरंटीचा वाद होतो. एक्स्टेंडेड वॉरंटी मी म्हणेन घ्यावी, ऑटोमॅटिक किंवा टर्बो इंजिन असेल तर नक्कीच, पण ती गाडी घेताना त्याच दिवशी घ्यायला पाहिजे असं नसतं, बऱ्याच कंपन्यांमध्ये मूळ वॉरंटी चालू आहे तोपर्यंत घेता येते. त्यामुळे भाव जुळवताना ती ओळ तुमच्या हातात राहते.

परत बेरीज करा. आरटीओतले ८,०००, इन्शुरन्स बाहेरच्या कोटेशननुसार ३६,००० झाला तर १६,०००, हँडलिंग ७,५००, किट २४,०००, कोटिंग ९,०००. एकूण ६४,५०० गेले, आणि डिस्काउंटच्या ओळीवर आपण अजून एक शब्दही बोललेलो नाही. ऑन-रोड आता १०,७७,६००, आधीचे २५,००० वजा करून आणि वॉरंटी धरून.

आता डिस्काउंट. ही पण एक रक्कम नसते, चार-पाच तुकडे असतात: कंपनीची त्या महिन्याची कॅश ऑफर, एक्सचेंज बोनस, जुनी गाडी स्क्रॅप केली तर त्याचा बोनस, कॉर्पोरेट, आणि शेवटी डीलरने स्वतःच्या मार्जिनमधून दिलेली सूट. प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. कॉर्पोरेट म्हणजे फक्त मोठ्या आयटी कंपन्या असं समजू नका, शिक्षक, बँकेतले, सरकारी नोकर, डॉक्टर, सीए यांनाही बऱ्याच कंपन्या देतात, आणि ती घरातल्या कुणाच्या ओळखपत्रावर चालते का तेही विचारून बघा. कंपनीकडून येणारे तुकडे हा तुमचा हक्क, ते देऊन डीलरने काही मेहरबानी केलेली नसते, भाव करायचा तो डीलरच्या स्वतःच्या तुकड्याचा.

त्यासाठी त्याच कंपनीच्या दोन-तीन डीलर्सची कोटेशनं हवीत. पुण्यात राहत असाल तर पुण्यातले दोन आणि एखादा साताऱ्याचा किंवा अहिल्यानगरचा पण बघा, नाशिककरांनी ठाण्याचा बघावा. ज्या डीलरकडून घ्यायची इच्छा आहे, म्हणजे घराजवळचा, सर्व्हिस चांगली असलेला, त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं. आणि बोलायचं कसं, तर साधं: "मला हेच व्हेरियंट, हाच रंग पाहिजे, दुसरीकडे ऑन-रोड एवढ्यात बसतंय, हे बघा कोटेशन, तुम्ही एवढ्यात दिलंत तर आत्ता बुकिंग करतो." एक ठरलेला आकडा, एक ठरलेली वेळ. "अजून काहीतरी करा ना" असं म्हणत राहिलात तर एक मॅट आणि गणपतीची मूर्ती मिळते, पैसे कमी होत नाहीत. एक्झिक्युटिव्ह "साहेबांना विचारून येतो" म्हणून आत जाईल, जाऊ द्या, किंवा तुम्हीच सेल्स मॅनेजरला भेटायचं म्हणा, कारण समोरच्या पोराच्या हातात मर्यादित रक्कम असते. आणि त्या पोराशी नीट बोला. बहुतेक वेळा तो कमी पगारावर आणि इन्सेन्टिव्हवर चाललेला असतो, उन्हातान्हात टेस्ट ड्राइव्ह देत फिरतो, त्याचा पाणउतारा करून भाव कमी होत नाही. उलट त्याला वाटलं की हा माणूस खरंच घेणार आहे, तर तोच आत जाऊन तुमच्यासाठी भांडतो.

वेळ कधीची निवडायची? आपल्याकडे गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी डिलिव्हरीला रांगा लागतात, त्या आठवड्यात जाऊन भाव करायचा म्हणजे डीलरच्या सोयीच्या दिवशी जाणं. पितृपक्षात मात्र शोरूम ओस असतात, लोक खरेदी टाळतात, आणि महिन्याचं टार्गेट तर डोक्यावर असतंच. ज्यांना मुहूर्त पाळायचाय त्यांनी पितृपक्षात भाव ठरवून घ्यावा, सगळं लेखी घ्यावं, आणि घटस्थापनेला किंवा दसऱ्याला गाडी घरी आणावी, यात श्रद्धेलाही धक्का नाही आणि खिशालाही नाही. बाकी कुठलाही महिना असो, शेवटचे चार-पाच दिवस बरे.

डिसेंबरमध्ये डिस्काउंट सगळ्यात मोठे असतात कारण वर्ष बदललं की तीच गाडी "मागच्या वर्षीची" होते. पुढे विकताना उत्पादनाचं वर्ष बघितलं जातं, म्हणून दोन-तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी ते नुकसान धरून हिशेब करावा, आठ-दहा वर्षं वापरणाऱ्यांनी डोळे झाकून डिसेंबर पकडावा. नव्याने आलेली, वेटिंगवर चाललेली गाडी असेल तर डिस्काउंटची अपेक्षाच ठेवू नका, तिथे फक्त जबरदस्तीच्या ओळी काढून घ्यायच्या, तेही पुष्कळ झालं.

लोनचं थोडक्यात. एक्झिक्युटिव्ह "तुम्हाला महिना किती परवडेल?" असं विचारतो, त्याचं उत्तर देऊ नका, कारण मग बोलणं हप्त्यावर जातं आणि गाडीची किंमत नजरेआड होते. ८ लाखांचं लोन ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,६०० आणि सात वर्षांसाठी १२,९०० च्या जवळ, ऐकायला छान, पण व्याज पाच वर्षांत साधारण १ लाख ९६ हजार आणि सात वर्षांत २ लाख ८१ हजार. भावात घासून घासून वाचवलेले सगळे पैसे तिथे जातात. दर "फ्लॅट" (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) सांगितला तर सावध व्हा, साडेपाच टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांच्या लोनला जवळजवळ दहा टक्के रिड्युसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर व्याज). आधी स्वतःच्या बँकेतून दर काढून ठेवा, मग डीलरच्या बँकेला मॅच करायला सांगा, आणि प्रोसेसिंग फी, मुदतीआधी फेडायचे चार्जेस आणि लोनला चिकटवलेला विमा हे तीन प्रश्न विचाराच.

जुनी गाडी असेल तर तिचा भाव नवीन गाडीच्या भावात मिसळू देऊ नका. आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी दाखवून तिचा खरा भाव काढा, मग नवीन गाडीचं सगळं ठरल्यावर शेवटी एक्सचेंजचं बोला. एक्सचेंज बोनस पंचवीस हजार देऊन गाडी चाळीस हजारांनी कमी धरली तर काय उपयोग. आणि जुनी गाडी दिल्यावर आरसी दुसऱ्याच्या नावावर झाली का हे ऑनलाइन तपासत राहा, तोपर्यंत चलानं तुमच्याच नावाने येणार, अपघात झाला तर नोटीसही.

भाव ठरला की लगेच लेखी घ्या: व्हेरियंट, रंग, ऑन-रोड किंमत ओळीनिहाय, डिलिव्हरीची अंदाजे तारीख, बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळणार का, आणि मध्ये कंपनीने किंमत वाढवली तर वाढीव कोण देणार. बुकिंगचे पैसे डीलरशिपच्या खात्यातच भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

पूर्ण पैसे भरायच्या आधी चेसिस नंबर मागा आणि रजिस्ट्रेशनच्या आधी ती गाडी स्वतः डोळ्यांनी बघा, यार्डात जाऊन, दिवसाउजेडी. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते गाडीच्या महिन्याशी जुळतात का बघा. बॉनेट आणि दारांच्या कडांवर रंगाची छटा वेगळी दिसतेय का, किलोमीटर किती झालेत, उत्पादनाचा महिना सेल सर्टिफिकेटवर म्हणजे फॉर्म २१ वर काय येणार आहे हे विचारा. सहा-आठ महिने यार्डात उन्हापावसात उभी असलेली गाडी निघाली तर एक तर दुसरी मागा नाहीतर नव्याने भाव करा, नाव लागल्यावर हातात काही राहत नाही.

गाडी घरी आल्यावर पेढे वाटून झाले की एकदा फाइल उघडा. टॅक्स इन्व्हॉइस, इन्शुरन्सची पॉलिसी आणि आरटीओची पावती, तिन्हींवरचे आकडे कोटेशनच्या शेजारी ठेवून जुळवा. पावती कमीची असेल तर फरक ईमेलवर लेखी मागा, आधी डीलर, मग कंपनीचं कस्टमर केअर, आणि तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. टीसीएस भरला असेल तर काही महिन्यांनी तो इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर तुमच्या पॅनच्या नोंदीत दिसतोय का तपासा, दिसत नसेल तर डीलरच्या अकाउंट्सवाल्याला तुमचा पॅन परत पाठवून दुरुस्ती करून घ्या, रिटर्न भरायची तारीख यायच्या आत.